चाकं भाजणारी अक्का

तिच्या उजव्या पायात मी कधी चप्पल पाहिली नाही. डाव्या पायात असायची. रबरी, पट्टा तारेनं आवळलेली. उजवा पाय मात्र बारा महिने उघडा. हुमनाबादला चैत्र-वैशाखात रस्त्याचं डांबर मऊ पडतं, तरी ती तशीच एका पायात घालून बाजार करून यायची. भाजीवाल्या विचारायच्या, "अक्का, दुसरी कुत्र्यानं पळवली काय?" ती म्हणायची, "ह्यो पाय कामाचा हाय. कामाच्या पायाला झाकून ठिवत न्हाईत."

सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. वयानं ती माझ्या आईपेक्षा मोठी होती. मी तेव्हा मराठी शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि खोली शोधत होते. घरमालक लोक भाडेकरूचं तोंड बघतात, आडनाव विचारतात. हिनं आधी माझे पाय बघितले.

"गाडी चालवायला येतंय?"

"नाही."

"सायकल?"

"नाही."

"मग पोरास्नी शिकवायलीस तरी काय?"

मागून कटकट नको म्हणून मी स्वतःच सांगून टाकलं, की आम्ही बौद्ध आहोत, खोली द्यायची नसेल तर आत्ताच सांगा. ती म्हणाली, "मी काय इचारले, तू काय सांगायलीस? चप्पल काढ." तिनं अंगणातच माझा उजवा तळवा अंगठ्यानं दाबून पाहिला. "मऊ हाय. चालंल. ऱ्हा."

पाय कशासाठी चालेल ते दुसऱ्या दिवशी कळलं. खोलीच्या भाड्याबरोबर एक अट होती. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी अर्धा तास थोरलीत बसून, ती सांगेल तसा ॲक्सिलरेटर दाबायचा. थोरली म्हणजे अंगणातली गाडी. लांबरुंद, अमेरिकन, जुन्या काळातली, नाकावर लोखंडाची भली मोठी जाळी. अक्काचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं, त्यामुळे गाडीवर आच्छादन म्हणून दोन घोंगड्या शिवून टाकलेल्या असायच्या. "ही ह्यांची थोरली, मी धाकटी," असं ती नवऱ्याबद्दल बोलताना सरळ चेहऱ्यानं सांगायची. "माझ्या आदी ह्यांच्या हाताखाली आली. मान तिचा."

तिचा नवरा मिस्त्री होता. गावातल्या एका कंत्राटदारानं ही गाडी हैदराबादहून आणली होती आणि मिस्त्रीकडे तिची निगराणी होती. पुढं पेट्रोल परवडेना. आमच्या भागात तेव्हा रीतच पडली होती. मोठ्या लोकांच्या मोठ्या गाड्यांची पेट्रोल इंजिनं उतरवायची, टेम्पोचं डिझेल इंजिन बसवायचं, आणि उतरवलेलं इंजिन विहिरीवर नेऊन पाणी उपसायला लावायचं. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. थोरलीचंही आठ सिलिंडरचं इंजिन असंच मिस्त्रीनं मालकाच्या हुकमावरून उतरवलं आणि ते हुलसूरकडच्या एका मळ्यात गेलं. कंत्राटदार वारल्यावर त्याची मुलं हैदराबादला निघून गेली. जाताना मिस्त्रीला म्हणाली, हे धूड तेवढं इथून हलवा. त्यानं हलवलं, रंग दिला आणि लग्नात नवरीची गाडी म्हणून भाड्यानं द्यायला सुरुवात केली.

मिस्त्रीचा कान आणि अक्काचा पाय, असा त्यांचा संसार होता. तो बॉनेट उघडून इंजिनाशी कान लावायचा, ती आत बसून ॲक्सिलरेटर दाबायची. "दे," तो म्हणायचा. "सोड. पुन्ना दे. अर्धं." तीस वर्षं असं चाललं. अक्काला लिहितावाचता येत नव्हतं. तिला मी एकदा अक्षरं शिकवते म्हटलं तर तिनं पाय पुढं केला. "माझी समदी अक्षरं हितं हायत." मिस्त्रीचे डोळे अधू झाले तेव्हा गाडी चालवायची तीच उरली. लायसन काढायला गेली तर साहेबानं तिला गाडी आठच्या आकड्यात फिरवायला सांगितली. तिनं उलटी, मागं मागं घेत आठ काढून दाखवला. साहेबानं विचारलं, सरळ का नाही? ती म्हणाली, "सरळ तुमाला येतच आसंल."

पुढची दहाएक वर्षं ती नवऱ्या मुली पोहोचवत होती. बाई गाडी चालवते याचं लोकांना कौतुकच होतं. म्हातारा गेला आणि कौतुक संपलं.

मी राहायला गेले त्याच्या आदल्या वर्षी तो गेला होता. लगीनसराई आली, माणसं आली. गाडी द्या म्हणाली, ड्रायव्हर आमचा. बिनकुंकवाची बाई नवरीच्या गाडीवर कशी चालेल? कुणी हे तोंडावर बोलायचं, कुणी उगाच खाकरत बसायचं. एका कापडवाल्यानं मोठ्या मनानं सुचवलं, की अक्का, तुम्ही मागच्या सीटवर बसून या, गाडीकडं लक्ष राहील. मी तेव्हा पडवीत वह्या तपासत होते. अक्का म्हणाली, "गाडीसंगं मी येते, पुढं बसून. मी नको तर गाडीबी नको." तो उठून गेला. तीच बाई, तोच पाय, तीच गाडी, आणि केवळ कपाळ रिकामं झालं म्हणून तिचा हात वाईट. मला आजही याचा संताप येतो. दोन सराया थोरली अंगणातून हलली नाही. खोल्यांच्या भाड्यावर अक्काचं भागत होतं, तिला काही कमी नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की आत नवरी बसलेली असावी आणि पुढं ती असावी.

मला सगळ्यात जास्त तिची टीव्हीची गोष्ट आवडायची. केबल नवीन आलेली. शेजारच्या घरी कुणीतरी परदेशी खेळांचं चॅनल लावलं होतं. त्यात एका मैदानावर रुंद छातीच्या गाड्या उभ्या होत्या. पुढची चाकं जागची हलत नव्हती, मागची गरगर फिरत होती, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत धूर निघत होता. लोक टाळ्या पिटत होते. मिस्त्रीला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. तो म्हणाला, "आवाज वाडवा." वाढवला. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "ह्यो आपल्या इंजिनाचा आवाज हाय. आन मी ह्येला पाणी उपसायला लावलो." घरी येऊन रडला. हे सांगताना अक्का स्वतः कधी रडली नाही. तिला त्या गाडीवाल्यांचं भारी वाटलेलं. "पळनं कुनालाबी येतंय बाई," ती म्हणायची. "जाग्यावर ऱ्हाऊन ज्यानं एवढा धूर काडला, त्येला मानावं." या प्रकाराला तिनं आपलं नावही ठेवलं होतं. चाकं भाजणं.

इंजिन आणायला ती मलाच घेऊन गेली. रविवार होता. टेम्पो करून आम्ही हुलसूरपलीकडच्या त्या मळ्यात गेलो. विहिरीवर आता विजेची मोटर होती. इंजिन लिंबाखाली पडलेलं, गंजलेलं, आणि त्यावर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. शेतकरी म्हणाला, "अक्का, ह्ये लोखंड नेऊन काय करतीस?"

"लोखंड न्हाई. थोरलीची जीभ हाय."

त्याला काही कळलं नाही, पण त्यानं नेऊ दिलं. अडली ती त्याची बायको. कोंबडीला तिथं बसायची सवय झाली, आता ती कुठं बसेल? अक्कानं तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. ती म्हणाली, "दुसरं इंजिन आनून देते." आणि खरंच, महिन्याभरानं थोरलीतलं डिझेल इंजिन उतरवलं तेव्हा ते तिनं त्याच लिंबाखाली नेऊन ठेवलं. कोंबडीनं ते पसंत केलं की नाही, ठाऊक नाही.

हायवेवर लॉऱ्या दुरुस्त करणारे एक चाचा होते, मिस्त्रीचे दोस्त. त्यांनी इंजिनाला पाना लावून पाहिला. ढिम्म. "भाबी, पूरा जाम हो गया है," ते म्हणाले. "चालीस दिन डिझल पिलाव. फिर देखेंगे." मग रोज सकाळी अक्का आठही भोकांत आमटीच्या पळीनं डिझेल घालायची. मी शाळेला निघताना विचारायचे, "पाजलं का?" ती म्हणायची, "सात प्यायली, एक हट्टी हाय." चाळिसाव्या दिवशी नाही, पण पन्नासाव्या दिवशी पाना फिरला. त्या दिवशी तिनं शेजारीपाजारी गुळाच्या पोळ्या वाटल्या. लोकांनी विचारलं, कशाबद्दल? ती म्हणाली, "थोरली बोलायली."

गाव म्हणालं, म्हातारा गेल्यापासून हिचं डोकं फिरलंय.

औद्योगिक वसाहतीत एका बंद पडलेल्या कारखान्याचं आवार होतं, खाली पक्कं सिमेंट. वॉचमन ओळखीचा. तिथं पहिल्यांदा चाकं भाजली त्या सकाळी आम्ही मोजून चार माणसं होतो. अक्का, चाचा, वॉचमन आणि मी. चाचांनी मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी बंद करता येईल अशी सोय केली होती. म्हणजे ब्रेक दाबला की पुढची चाकं धरायची आणि मागची मोकळी राहायची. मागे पार गुळगुळीत झालेले टायर. अक्कानं चाकांखाली बादलीभर पाणी ओतलं, डाव्या पायातली चप्पलही काढून मला दिली आणि आत बसली.

आधी आवाज आला तो कानात नाही, पोटात. हातातला स्टीलचा डबा थरथरायला लागला. आत तिचा डावा पाय क्लचवरून झटक्यात ब्रेकवर गेला असणार. मागची चाकं फिरली, पाणी उडालं, गाडीचं बूड खाली दबलं आणि मग रबराची एक किंकाळी उठली. धूर आधी पातळ, मग कापसासारखा दाट, मग गाडीच दिसेना. जळक्या रबराचा वास घशात बसला. एवढा राक्षसी जोर, आणि गाडी तसूभर पुढं सरकत नव्हती. मला लहानपणापासून हळू बोल, बाजूनं चाल, असंच सांगितलेलं. मी आयुष्यात मोठ्यानं ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले, आणि त्या आवाजात मलाच माझं ओरडणं ऐकू आलं नाही. धूर विरला तेव्हा अक्का काच खाली करून चाचांना विचारत होती, "सहावं सिलिंडर जरा मागं पडायलंय का?"

मग दर रविवारी. ढाब्यावर थांबलेले लॉरीवाले यायला लागले; आंध्रचे, पंजाबचे, आमच्या गुलबर्ग्याचे. जुने टायर तेच आणून द्यायचे, शोधून शोधून, जीपचे. गल्लीतल्या बाया भिंतीच्या सावलीला बसायच्या, नाकाला पदर लावून, पण बसायच्या. ज्या बायांनी आपल्या घरच्या लग्नात अक्काला नको म्हटलं होतं, त्याही. ती कुणाला हाकलत नसे. कुणीतरी तक्रार केली म्हणून एक हवालदार आला. "अक्का, धूर फार व्हायलाय म्हनं." ती म्हणाली, "चुलीचा धूर जलमभर खाल्ले, तवा कुनी तक्रार केली न्हाई. ह्यो एकच धूर माझ्या मनाचा हाय." हवालदारानं वहीत काहीतरी लिहिलं आणि बघायला उभा राहिला. पुढच्या रविवारी बायकोला घेऊन आला.

खूप नंतर, मी बदली होऊन गेल्यावर, जुन्या गाड्यांचा एक शौकीन हैदराबादहून तिच्याकडे आला होता. गाडी काचेच्या दालनात ठेवणार होता. "चालवनार कोन?" तिनं विचारलं. कुणी नाही, लोक बघतील, तो म्हणाला. तिनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. हे मला चाचांनी फोनवर सांगितलं. ती गेली तेव्हा मी पुण्यात होते आणि मला वेळेवर पोहोचता आलं नाही.

पण मला सांगायचंय ते माझ्या लग्नाचं.

माझं लग्न ठरलं उदगीरच्या मुलाशी. लग्न आमच्या गावी, संतपूरला. मी वडिलांना सांगितलं, माझी गाडी अक्का चालवणार. ते एका शब्दानं अडले नाहीत. वडील बसवर कंडक्टर होते. मुहूर्त, पत्रिका, अपशकुन यांच्याविरुद्ध त्यांनी गावोगावी भाषणं केलेली. अक्काला मी सांगितलं तेव्हा ती घोंगडीची घडी घालत होती. तिनं ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "किती वाजता निगायचं?" एवढंच म्हणाली. त्यानंतर आठ दिवस तिनं थोरलीला रोज धुतलं.

लग्न दुपारी लागलं. जेवणं झाली. मी आणि नवरा मांडवाच्या तोंडाशी खुर्च्यांवर बसलेलो, गळ्यात हार. दहा पावलांवर थोरली झेंडूनं सजवलेली, आणि तिच्या दाराशी अक्का उभी. नवं लुगडं, दोन्ही पाय उघडे. नवऱ्याचे थोरले काका माझ्या वडिलांना बाजूला घेऊन गेले. बाजूला म्हणजे आमच्या पाठीमागेच.

"तसं आपन मानत न्हाई हो," काका म्हणाले. "पन पाव्हन्यांत कुजबूज व्हायली. पोरीचा पहिला प्रवास, आन पुढं बिनकुंकवाची बाई. ड्रायव्हर तेवढा बदला."

वडील माझ्याकडे आले. वाकले. "माय, ऐक जरा. अक्काला म्हनावं, वेशीपतुर मागच्या जीपमदी बसा. रस्त्याला लागल्यावर घ्या म्हनावं पुन्ना चालवायला."

"बाबा, तुम्ही म्हणताय हे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मी न्हाई मानत. पन तुला तिथं नांदायचंय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हारातलं एक फूल सरळ करत होता. मी अक्काकडे पाहिलं. तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती भांडायला आली नाही, आणि जीपकडेही गेली नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. मला उठायचं होतं. पण नांदायचंय हा शब्द माझ्या मांडीवर येऊन बसला होता, आणि मी उठले नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी पदर नीट करायचं निमित्त केलं.

अक्कानं डिकीतून पाण्याचा डबा काढला. मागच्या चाकांखाली पाणी ओतलं. शेजारच्या सीटचं दार सताड उघडून ठेवलं, फिरून आली आणि स्टिअरिंगवर बसली.

संतपुरात तो आवाज कुणी ऐकलेला नव्हता. बँडवाल्यांचे हात थांबले. मांडवाचं कापड फडफडलं, ताटांचा ढीग वाजायला लागला. थोरली जागच्या जागी गुरगुरली, मग मागची चाकं फिरली आणि झेंडूच्या माळांसकट ती धुरात गेली. पाव्हणे गेले, काका गेले, मांडवाचे खांब गेले. काकांचं खोकणं तेवढं ऐकू येत होतं. एरवी रविवारी ती मिनिटाभरात सोडायची. त्या दिवशी सोडेना. टायर जळत होता, आवाज चढत होता, आणि गाडी जागची हलत नव्हती. ती माझ्यासाठी थांबली आहे, हे मला समजायला नको होतं का? समजत होतं. धूर डोळ्यांत गेला, पाणी आलं, आणि मी उठले. हार धरून, अंदाजानं, त्या आवाजाच्या दिशेनं चालत गेले, उघडं दार हाताला लागलं आणि आत बसले, पुढं, तिच्या शेजारी. मागचं दार उघडलं. "मी पण आलोय," नवरा खोकत म्हणाला.

माझ्या बाजूचं दार बाहेरून कुणीतरी लावलं. वडील होते. तोंड काळं झालेलं, डोळे लाल. त्यांनी धुराकडं तोंड करून, भाषणाला लावायचे तसा आवाज लावून सांगितलं, "ड्रायव्हर बदलायचा न्हाई." मग बसला मारतात तशी पत्र्यावर दोनदा थाप मारली. अक्कानं ब्रेक सोडला.

वेस ओलांडून तीनचार मैल गेलो. मला वाटत होतं, आता ती मला शाबास म्हणेल. मी तिच्याकडे बघितलं. तिची नजर रस्त्यावर होती.

"बाई," ती म्हणाली, "उठायला किती येळ लावलीस?"

मी सांगायला लागले. काका काय म्हणाले, बाबा कसे अडकले, सासर नवं, माणसं नवी, मला तिथं जन्म काढायचाय. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ते समदं मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी येळ इचारायलेय."